दहा हजार एकावी पणती

"नाना, एक उरतेय."

"काय उरतंय?"

"पणती. एक पणती उरतेय."

नगराध्यक्ष नानासाहेब देवरे हायस्कूलच्या पटांगणात माझ्याच खुर्चीवर बसून माझाच चहा पीत होते. माझा म्हणजे तांबोळी मंडप डेकोरेटर्सचा. कासारनेरात लग्न असो, मयत असो की प्रचारसभा, खुर्च्या आमच्याच. त्यामुळे गावातला कोण कसा बसतो हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत. कुणी टेकतो, कुणी रुतून बसतो, कुणी अर्ध्या खुर्चीवर बसून दुसऱ्या अर्ध्यावर पिशवी ठेवतो. नाना बसायचे ते खुर्ची भाड्याची नसून आंदण आल्यासारखे.

"एक कशी उरते? बैठकीत तर बरोबर होतं सगळं."

"बैठकीत आपण टाळ्या वाजवत होतो, नाना. आज मी दोरी धरलीय."

झालं होतं असं. नगरपालिकेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. नानांच्या डोक्यातून कल्पना निघाली, 'घर तिथे पणती'. प्रत्येक घरानं पालिकेत नाव नोंदवायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, आपली पणती घेऊन पटांगणात यायचं, आपल्या जागेवर ठेवायची आणि आपल्या हातानं लावायची. शंभर वर्षांच्या शंभर रांगा, एका रांगेत शंभर पणत्या. एकच भलामोठा चौरस. शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून फोटो. निमंत्रणपत्रिकेवर तो चौरस छापूनसुद्धा आला होता, सोनेरी शाईत.

पण पणत्या किती, असं बैठकीत निघालं तेव्हा 'दहा हजार' हा शब्द कुणाच्या तोंडून बाहेर पडेना. आपल्याकडे गोल आकड्याला कुणी हात लावत नाही. आहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेला एक रुपया चिकटलेला लागतो, देणगी पाचशे एक, देवळाच्या कळसाला अकरा हजार एक. तेव्हा कुणीतरी म्हणालं, दहा हजार एक! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पत्रिकेवर आकडा चढला, चिठ्ठ्या तेवढ्याच छापल्या आणि वाटूनही झाल्या. शंभर शंभरं किती होतात हे त्या खोलीत सगळ्यांना येत होतं, पण शकुनाच्या आकड्याशी कुणी गुणाकार करत नाही.

"मग आणखी एक रांग टाक," नाना म्हणाले.

"एकशे एक रांगा, एकशे एक पणत्या केल्या तर दहा हजार दोनशे एक लागतात. वरची दोनशे घरं कुठून आणू?"

नानांनी कपात बघितलं. "मग एक काढून टाक."

"कुणाची?"

नाना काही बोलायच्या आत उत्तर बाजूनं आलं. "शेवटचीच काढा की. दहा हजार एक नंबर. तसंही ती दुबार आहे."

हे विश्वासराव निकुंभ. खत-बियाण्यांचे दुकानदार आणि उत्सव समितीचे सचिव. नानांच्या डाव्या हाताला असे उभे राहायचे, की पेपरात नानांचा कुठलाही फोटो आला तरी विश्वासरावांचा अर्धा खांदा त्यात असायचाच. दहा वर्षांची कात्रणं जोडली असती तर पाच अख्खे विश्वासराव निघाले असते.

"दुबार कशी?" मी विचारलं.

"आमच्याच घरची आहे ती. माझी चारशे बारा नंबरला आहेच. एका घराच्या दोन पणत्या कशा चालतील?"

नाना पुन्हा कपात बघू लागले. कप रिकामा होता. मी दोरी गुंडाळायला लागलो, ती गुंडाळायची नव्हती.

कारण दहा हजार एक नंबरची चिठ्ठी कुणाची हे आम्हां तिघांना माहीत होतं. हेमलता सोनवणी, तेली गल्ली. ह्याच हायस्कूलवर गणित शिकवायच्या. ह्याच विश्वासरावांशी लग्न करून कासारनेरात आल्या आणि चार वर्षांपूर्वी एक ट्रंक आणि एक शिलाई मशीन घेऊन तेली गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेल्या. भांडण झालं की आणखी काही, हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही. विश्वासराव मात्र सगळ्यांना आपणहून सांगत, "ती जरा तिकडे राहते. शाळा जवळ पडते ना."

आता शाळा निकुंभांच्या ओट्यावरून दिसायची. घंटा झाली की त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची म्हणे. आणि तेली गल्लीतून शाळेत यायचं तर अख्खा बाजार ओलांडावा लागतो. पण गाव मान डोलवायचं. "हो ना, जवळ पडते." खतं उधारीवर मिळत होती, मान डोलवायला काय जातं? मीही डोलवली होती, एकदा नव्हे, बरेचदा.

"बाईंना सांगावं लागेल," मी म्हणालो.

"मी सांगतो घरी," विश्वासराव म्हणाले.

कुणाच्या घरी, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

माझा आवाज मंडपवाल्याचा, पटांगणाच्या त्या टोकाला बांबू धरून उभ्या माणसापर्यंत पोचावा म्हणून अल्लानं दिलेला. मी तोंड शाळेच्या व्हरांड्याकडे केलं आणि माझ्या माणसांना ओरडून सांगितलं, "ए, दहा हजार एक नंबर रद्द रे! निकुंभ साहेबांनी रद्द केलाय! शंभर बाय शंभरच धरा!"

"अहो, ओरडता कशाला?" विश्वासराव दचकले.

"माणसं लांब आहेत, साहेब."

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि बाई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना दिसल्या. चालण्यात घाई नव्हती. हाताला खडू लागलेला, खांद्याला पर्स. येऊन सरळ नानांसमोर उभ्या राहिल्या.

"नाना, माझा नंबर रद्द झाला म्हणे."

"बसा, बाई, बसा. दस्तू, खुर्ची दे," नाना माझ्याकडे वळले.

"उभी ठीक आहे. कशासाठी रद्द?"

"त्याचं असं आहे," नानांनी घसा साफ केला, "चौरसात एक मावत नाही. तो एक आपला शकुनाचा. पत्रिकेवर राहील."

"म्हणजे पत्रिकेवर आहे आणि मैदानात नाही."

"हेमा," विश्वासराव मऊ आवाजात म्हणाले. हा आवाज ते दुकानात वसुलीच्या वेळी काढायचे. "आपली पणती आहेच ना. पाचव्या रांगेत. तू ये, तूच लाव. मी कुठे नाही म्हणतोय?"

"चारशे बारा तुमची. ही माझी." बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून नानांपुढे धरली. "नाव, पत्ता, पालिकेचा शिक्का. तुमचा माणूस दारावर आला होता. दारावर नंबर टाकून गेला. 'घरात किती जण?' म्हणाला. मी म्हटलं, एक. त्यानं लिहून घेतलं. त्याला काही अडचण आली नाही."

"बाई, घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्या," नाना म्हणाले.

"मी घराबद्दलच बोलतेय, नाना. ते घर आहे की नाही, एवढंच विचारतेय. चौरस होत नाही म्हणून नाही म्हणत असाल तर तसं सांगा. दुसऱ्या कशासाठी म्हणत असाल तर तेही सांगा. एवढी माणसं ऐकताहेत."

खरंच ऐकत होती. माझी माणसं बांबू टाकून आली होती. व्हरांड्यात मास्तर मंडळी चहाचे ग्लास घेऊन उभी होती आणि कुणाचाच ग्लास तोंडाला लागत नव्हता.

नाना राजकारणातले. त्यांनी त्यातल्या त्यात कमी काट्याची वाट धरली. "चौरसासाठीच. दुसरं काय असणार?"

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "दस्तगीरभाई, थोडी फक्की द्या."

आम्ही मैदानावर रेषा मारायला चुना वापरतो, ती फक्की. मी डबा पुढे केला. बाईंनी मूठभर घेऊन जमिनीवर पसरली आणि बोटानं लिहायला बसल्या. काठापदराची साडी, चुन्यात बसल्या तशाच.

"त्र्याहत्तर रांगा, एका रांगेत एकशे सदतीस. दहा हजार एक. एकही उरत नाही."

मी पत्रिकेच्या पाठीवर गुणाकार करून बघितला. बरोबर निघाला.

"लांबट होतं ते," नाना म्हणाले. "टाकीवरून गोदामासारखं दिसेल. पत्रिकेवर चौरस छापलाय, बाई. चौरस पाहिजे, आणि एकही पणती उरायला नको. आहे तुमच्या गणितात असं काही?"

नसणार ह्याची खात्री असल्यावरच माणूस अशा सुरात विचारतो. विश्वासराव हसले. नानांच्या डावीकडून हसायची त्यांची पद्धत होती, नाना हसले नाहीत तर खोकल्यात बदलता येईल असं.

बाईंनी लिहिलेलं हातानं पुसून टाकलं. मला वाटलं, संपलं. चुन्यावर नुसतं बोट फिरत होतं. मग म्हणाल्या, "एक चौरस होणार नाही. शंभराचा वर्ग दहा हजार, एकशे एकाचा दहा हजार दोनशे एक. मधल्या आकड्यांचा चौरस देवालाही करता येणार नाही."

"झालं तर मग," विश्वासराव म्हणाले.

"पण एकच चौरस पाहिजे असं कुठे छापलंय?"

नानांनी पत्रिका उलटून बघितली. खरंच कुठे छापलेलं नव्हतं.

"हे त्र्याहत्तर," बाईंनी लिहिलं. "आठाचा वर्ग चौसष्ट, तिनाचा नऊ. मिळून त्र्याहत्तर. हे एकशे सदतीस. अकराचा वर्ग एकशे एकवीस, चाराचा सोळा. मिळून एकशे सदतीस. म्हणजे एकीकडे आठ आणि तीन, दुसरीकडे अकरा आणि चार. आता तिरपे गुणायचे. दस्तगीरभाई, पाढे येतात?"

"तिसापर्यंत. मार खाऊन पाठ केलेत."

"अकरा आठे?"

"अठ्ठ्याऐंशी."

"चार त्रिक?"

"बारा."

"अठ्ठ्याऐंशीतून बारा वजा करा."

"शहात्तर."

"आठ चोक बत्तीस, अकरा त्रिक तेहतीस. हे मिळवा."

"पासष्ट."

"शहात्तर बाय शहात्तरचा एक चौरस. पासष्ट बाय पासष्टचा दुसरा. करा बेरीज."

मी केली. पाच हजार सातशे शहात्तर, आणि चार हजार दोनशे पंचवीस. खाली बेरजेत दहा हजार एक आले, तेव्हा मी परत पहिल्यापासून केली. माझं गिऱ्हाइकांशी जन्मभर बेरजांवरून भांडण, माझा पहिल्या उत्तरावर विश्वास नसतो. दुसऱ्यांदाही तेच आलं.

"नाना, जमतंय," मी म्हणालो. "एकही उरत नाही."

"जादू आहे की काय?"

"जादू नाही," बाई म्हणाल्या. "उलट आता गंमत बघा. जिथे वजा केलं तिथे मिळवा, मिळवलं तिथे वजा करा. अठ्ठ्याऐंशी आणि बारा?"

"शंभर," मी म्हणालो.

"तेहतिसातून बत्तीस गेले?"

"एक."

"शंभर आणि एक. हा तुमचा पत्रिकेवरचा चौरस, आणि ही माझी पणती. आकडे तेच आहेत, नाना. फक्त सगळं एकाच चौरसात घालायचं ठरवलंत, म्हणून एक बाहेर पडली. एकानं शंभर व्हायचं म्हटलं की दुसऱ्याला एकटंच उरावं लागतं."

हे सगळं नानांना उद्देशून चाललं होतं. पण विश्वासरावांचं हसू तोवर खोकल्यात बदललं होतं.

"हे गावाचं काम आहे, शाळेचा फळा नाही," ते म्हणाले.

"गावाचंच आहे. म्हणून गावात घरं किती हे गावानं सांगायचं, एका घरातल्या एका माणसानं नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "दस्तू, होईल का रे? उद्या संध्याकाळी कार्यक्रम. झालेली फक्की पुसायची, नवीन मारायची."

मी काय सांगायचं? काम दुप्पट होतं आणि त्याचे पैसे मिळणार नव्हते हे मला नानांच्या बसण्यावरूनच कळत होतं. पण एक गोष्ट मी त्यांना तीनदा सांगून दमलो होतो. दोन दोन फुटांवर पणत्या धरल्या तर शंभराचा चौरस रुंदीत पटांगणाच्या दोन्ही भिंतींपर्यंत जात होता, कडेला जेमतेम दहा फूट; लांबीला मात्र जागा पडून होती. हजारो बाया काठापदराच्या साड्या नेसून तेवढ्यातून जाणार, खाली पेटते दिवे. तेव्हा नाना म्हणाले होते, "काही होत नाही रे." आता मी चौथ्यांदा सांगितलं, पण ह्यावेळी त्यांच्या खुर्चीच्या मापानं.

"होईल, नाना. आणि दोन चौरस केले की मधून रस्ता निघतो. रुंद. तुमचं आगमन मधून."

"मधून?"

"दोन्ही बाजूंना पणत्या, मधून तुम्ही. टाकीवरून फोटो."

नानांनी डोळे बारीक करून पटांगणाकडे बघितलं. ते तिथं आत्ताच स्वतःला चालताना बघत होते. "लोकं म्हणतील, दोन चौरस का?"

"म्हणा, जुनं शंभर आणि पुढचं शंभर," बाई म्हणाल्या. "मोठा झालेल्या शंभराचा, लहान येणाऱ्याचा. भाषण तुमचं आहे, काहीही म्हणा."

"हे चांगलंय," नाना उठले. खुर्ची पहिल्यांदा मोकळी झाली. "दस्तू, मार रेषा."

विश्वासरावांनी शेवटचा प्रयत्न केला, तोही वाईट नव्हता. "ठीक आहे. मग तिची पणती चारशे बाराच्या शेजारी लावू. एकत्र बरं दिसतं."

"नंबरानं लागणार, सचिव साहेब," बाई म्हणाल्या. "तुमचाच नियम आहे. पहिले पाच हजार सातशे शहात्तर मोठ्या चौरसात. तुमची तिथं. माझी लहान चौरसात शेवटची."

"ती कोपऱ्यात येते, बाई," मी हळूच म्हणालो. "रस्त्याच्या तोंडाशी. वाऱ्यावर. सारखी विझेल."

"येऊ द्या की. रस्त्यावर आहे ना? सगळ्यांना दिसेल."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. साडीचा चुना झटकून त्या वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाव लोटलं. माणसं नंबर शोधत होती, भांडत होती, "आमची जागा ढकलली" म्हणून मला शिव्या देत होती. पोरं तेल सांडत होती. हळूहळू दोन्ही चौरस भरले. दिवस मावळला तसे पेटू लागले, मोठ्यात आधी, मग लहानात. मी मधल्या रस्त्याच्या तोंडाशी पाण्याच्या दोन पिंपांजवळ उभा होतो. तिथून बाई समोरच होत्या, कोपऱ्यात, एकट्या. पणती साधी मातीची, शेजारीपाजारी असते तशीच. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच आत शिरत होता, तेव्हा प्रत्येक जण विचारत होता, "बाई, ही कुणाची?"

"सोनवणींची. तेली गल्ली."

"आणि निकुंभांची?"

"ती तिकडे. मोठ्या चौरसात."

एवढंच. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही. विचारणारा पुढे जायचा आणि चार पावलांवर दुसऱ्याच्या कानाशी लागायचा.

नाना आले. सनई, हार, डाव्या हाताला विश्वासराव. दोघं रस्त्याच्या तोंडाशी पोचले आणि टाकीवरून फोटोग्राफर कर्ण्यातून ओरडला, "थांबा! थांबा! लहान चौरसाचा कोपरा विझलाय! तो लावा, मग घेतो!"

झुळूक आली होती. एकच पणती गेली होती, तीच.

सनई थांबली. सगळं पटांगण त्या कोपऱ्याकडे बघायला लागलं. बायका, पोरं, मास्तर, खतं उधारीवर नेणारे सगळे. नाना थांबले. आणि विश्वासरावांना, मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी संधी दिसली. एवढ्या गावासमोर, बायकोची पणती आपल्या हातानं लावायची. मग पुढची चार वर्षं तरी शाळा जवळ पडली असती. ते नानांचा हात सोडून पुढे झाले, खिशातून काडेपेटी काढली, एक काडी हातात घेतली आणि पणतीवर वाकले.

"राहू द्या, विश्वासराव."

बायको नवऱ्याला नावानं हाक मारते हे कासारनेरानं तोवर भर पटांगणात ऐकलेलं नव्हतं. आणि हाक कशी, दुकानात गिऱ्हाईक मारतं तशी.

"वारा आहे, हेमा. मी लावतो ना."

"प्रत्येकानं आपली लावायची, असं पत्रिकेवर आहे. माझ्या घरात काडेपेटी आहे."

विश्वासराव वाकलेलेच राहिले, बाई खाली बसल्या. पर्समधून काडेपेटी काढली, पदराचा आडोसा केला. पहिली काडी गेली. दुसरी गेली. तिसरी धरली. बाईंनी आडोसा काढला, ज्योत वाकली, सरळ झाली आणि राहिली.

"झाली!" फोटोग्राफर ओरडला, आणि त्यानं बटण दाबलं.

तो फोटो आजही पालिकेच्या सभागृहात आहे. नाना गेले. बाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, तेली गल्लीतली ती जागा पुढे त्यांनी विकत घेतली. खुर्च्या आता माझी नात बघते, पण पालिकेत बैठक असली की मी अजून जाऊन बसतो. नवे साहेब लोक येतात, चहा येईपर्यंत भिंतीवरचा फोटो न्याहाळतात. दोन लखलखीत चौरस, मधे काळा रस्ता, रस्त्यात हार घातलेले नाना. कोपऱ्यातल्या पणतीशी बसलेल्या बाई, आणि शेजारी एक माणूस, ह्या खेपेला अर्धा खांदा नाही, अख्खा. कमरेत वाकलेला, हातात न पेटलेली काडी.

"तांबोळी चाचा," एक साहेब परवा म्हणाले, "हा गृहस्थ वाकून काय शोधतोय?"

"शाळा," मी म्हणालो. "जवळच कुठेतरी पडते म्हणत होता."